दोन दरवाज्यांचा खेळ

अक्का जाऊन दोन महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसते तेव्हा आधी आठवतो तो तिनं रचलेला एक खेळ. बाकीचं आठवायला अजून त्राण नाही, म्हणून खेळापासूनच सुरुवात करते.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आम्ही उस्मानाबादेत राहायचो, घरात सगळे धाराशिवच म्हणत. आई लवकर गेली होती. अण्णा कचेरीत कारकून, मी नववीत, आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी अक्का लोहाऱ्याकडच्या एका खेड्यात दिलेली. त्या वर्षी पंचमीसाठी आमचे चुलते मुराळी होऊन तिला आणायला गेले. तो नेमका मंगळवार निघाला. चुलत्यांचा देवीचा उपास. तिच्या सासूनं पुरणाचं ताट वाढलं, यांनी ताटाला हात जोडले आणि उठले. उपासाचं सांगितलं, पण सासूच्या मनाला ते लागायचं ते लागलंच. निघताना ती म्हणाली, "आमच्या घरचं शीत गोड लागलं न्हाई तुमाला. जशी नेली तशी आणून सोडा. आमचं कुणी यायचं न्हाई."

अण्णांनी ऐकलं आणि चष्मा पुसला. "मुराळी आणायला जातो, पोचवायला नाही. त्यांचं माणूस न्यायला आलं तरच पाठवीन."

पंचमी झाली, दसरा झाला. दिवाळीत दाजींचं पोस्टकार्ड आलं. सर्व खुशाल आहे, एवढंच. अक्कानं आपले कपडे ट्रंकेतून बाहेर मांडलेच नव्हते. रोज धुवायची, घडी घालायची आणि पुन्हा ट्रंकेत ठेवायची. तिला परत जायचं होतं. दाजी तिला आवडायचे, हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही दुसरीकडं बघत.

दुपारी करायला काही नसायचं. तेव्हा तिनं सोप्यातल्या फरशीवर खडूनं एक किल्ला काढला. चिंचोका दगडावर घासला की त्याची एक बाजू पांढरी होते, दुसरी तपकिरी राहते. आम्ही पोरी असे चिंचोके फाशासारखे टाकायचो. अक्कानं ते न टाकता दरवाज्यांत मांडले. पांढरी बाजू वर असेल तर दरवाजा उघडा, तपकिरी असेल तर बंद. अर्धवट काही नाही. तसाच एक चिंचोका दिव्यापाशी, एक विहिरीच्या दोराशी, एक पहारेकऱ्याशी. कोण जागं, काय पेटलेलं, काय हातात आलं, हे सगळं फरशीकडं बघून कळायचं. नियम तिनं माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिले. दिवा पेटलेला असेल आणि दोर मिळालेला असेल, तरच विहिरीत उतरायचं. पाऊस असेल किंवा पहारेकरी जागा असेल, तर एक डाव थांबायचं. सातवीपर्यंत शिकलेली माझी बहीण इतकं बिनचूक लिहू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या खाला शिवणयंत्र थांबवून खेळायला यायच्या. एक दिवस त्यांची सोंगटी एका टोकाच्या दरवाज्यापाशी अडकली आणि माझी दुसऱ्या टोकाच्या. डावांवर डाव गेले.

"बेटी, माझ्या सोंगटीचे केस पिकले इथं बसून. कधी उघडतोय हा?"

"उघडंल की खाला, तो पल्याडचा उघडला की."

"आन् पल्याडचा?"

"हा उघडला की."

खाला तोंडाला पदर लावून हसल्या. "या अल्ला! मंग दोनीकडचे मरूनच भाईर पडनार."

मला नववीतल्या भूमितीचा ताठा होता. मी वही ओढून घेतली. "अक्का, ही अट कधीच पुरी व्हायची नाही. दोन्ही दरवाजे एकमेकांची वाट बघतायत. हजार डाव खेळलीस तरी दोन्ही बंदच राहणार. एकाची अट काढून टाक."

"कुठल्याची?"

"कुठल्याचीही. काही फरक पडत नाही."

ती फरशीकडं बघत राहिली. मग, "शाणी हायेस लई," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी अण्णा कचेरीला गेल्यावर तिनं ट्रंक उचलली. मला कळलं तेव्हा ती अंगणात पोचली होती.

"अण्णांना काय सांगू?"

"घरी गेली म्हणून सांग."

खाला धावत आल्या. "थांब, मी येते सोडायला. मी काय तुझ्या माहेरची न्हाय?"

"तुमालाच बोलतील, खाला. नगं." लोहाऱ्याच्या एस.टी.त ती खिडकीपाशी बसली. मला शाळेत जायला सांगितलं.

संध्याकाळी अण्णांनी टोपी खुंटीला लावली. "कोण आलं होतं न्यायला?"

"कुणी नाही."

पुढच्या दोन पंचम्यांना मुराळी गेला नाही. आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल, अण्णा म्हणायचे.

सासरी तिला घरात घेतलं. पण आमटीत मीठ जास्त झालं, दूध उतू गेलं, पाहुण्यांपुढं पदर ढळला, की एकच बोलणं: आपल्या पायानं आलेली. तिनं मला कधी सांगितलं नाही. पहिल्या बाळाच्या बारशाला मी गेले तेव्हा स्वतःच ऐकलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. सासू गेल्यावरही जावा ते वाक्य चालवत राहिल्या, काही वर्षांनी तर थट्टेनंच.

मी पुढं शिक्षिका झाले. मुलींना पुष्कळ वर्षं गणित शिकवलं. फरक पडत नाही, हे वाक्य वर्गात कधी वापरलं नाही. अक्काला मात्र विचारलं नाही, माझा राग आला का म्हणून. विचारायला हवं होतं. आता दमले आहे, आणि विचारायला कुणी नाही.

दहाव्याला दाजी आणि मी ओट्यावर बसलो होतो. ते फार थकलेत. आपणहून बोलू लागले.

"ती आली त्या दिवशी मी बांधावर होतो, बाई. सडकंवरनं डोक्यावर ट्रंक घेऊन येत होती. लांबनंच वळखली. वाटलं, पुढं व्हावं, ट्रंक घ्यावी. पर आई खळ्यात हुती. बघितलं असतं तिनं. चार पावलं गेलो असतो तर न्यायला आल्यासारखंच झालं असतं. जल्मभर कुणी काय बोललं नसतं तिला."

"हे तिला कधी सांगितलंत?"

"काय सांगायचं? तिनं बघितलं हुतं मला. ट्रंक खाली ठिवून उभी राहिली हुती थोडा वेळ. मग उचलली परत."