चकतीला लागलेला जास्तीचा ताव

माझी पीएच.डी. शेवटी अडली ती बटणाएवढ्या पांढऱ्या चकतीवर. बेरियम टायटनेटची भुकटी दाबून चकती करायची, भट्टीत भाजायची, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावायचा आणि ती किती विद्युतभार साठवते ते मोजायचं. मोबाइलच्या पोटात असल्याच सिरॅमिकचे बारीक तुकडे असतात. माझी चकती मात्र दर वेळी कमी पडायची. आता भुकटी उरली होती एका चकतीपुरती, आणि नवी मिळण्याची आशा नव्हती.

मी हट्टी. कमी पडतंय म्हणजे कच्चं राहिलंय, असं धरून दर नव्या चकतीचं भाजणं वाढवत नेलं होतं. चार तासांचे सहा, सहाचे दहा. आकडा आणखीच खाली.

त्या आठवड्यात बाबा माझ्या शहरात एका लग्नाला आले आणि प्रयोगशाळेत डोकावले. त्यांनी जन्मभर भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकली. "पोरीले शिकवाचं माह्याजवळ आता काही नाही उरलं," असं ते कौतुकाने सांगत, आणि मीही ते खरं मानून चालले होते. पडद्यावर तुटक्या चकतीचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो होता. कण चांगलेच टपोरे दिसत होते.

"जास्त ताव लागला, बेटा," बाबा म्हणाले. "पितळेचं बी असंच होते. नरम झाली का लगेच भट्टीतून काढा लागते. नाही तं ठोकताना संत्र्याच्या सालावानी खरबरीत होते."

"बाबा, हे पितळ नाही!"

"मी कुठं म्हनलं पितळ हाये?"

ते गेल्यावर मी चिडूनच जुन्या नोंदी काढल्या. चार तासांनंतर चकती जास्त घट्ट झालीच नव्हती, नुसते कण वाढले होते. कण फार बारीक असले तर भार साठवण्याचा गुणच मरतो, हे मी लक्षात ठेवून होते. पण ते फार वाढले की कणांच्या आतले, एकेका विद्युतदिशेचे पट्टे रुंद होतात, त्यांच्या हलणाऱ्या सीमा कमी होतात आणि साठवण घटते, हे मीच पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. स्वतःची लाज वाटली.

चार तासांतच कण हवे त्याहून मोठे झाले होते, म्हणून शेवटची चकती मी दोन तासांत उतरवली. आकडा आधीच्या सगळ्यांच्या वर गेला. मी बाबांना फोन लावला आणि त्यांचंच खरं निघालं हे सांगितलं.

"वाजवून पाह्यली?" त्यांनी सगळ्यात आधी हेच विचारलं. आमच्या घरून, तडा नाही ना हे वाजवून पाहिल्याशिवाय एकही भांडं बाहेर गेलेलं नाही. मी फोनजवळ चकतीवर पेन्सिल हलकेच आपटली. टिण्ण.



"मंग माहं काही कामी आलं म्हना," बाबा म्हणाले.

 मी फोनजवळ चकती पुन्हा वाजवली.