प्रश्न अकरावा: बोट लागते का?

बोट लागायला खाली पाणी असावं लागतं, असा आमच्या घरात बरीच वर्षं समज होता. तो माझ्यामुळे दूर झाला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी राहायला पेणला आणि नोकरीला रोह्याच्या एका केमिकल कंपनीत. कंपनी दर दोन वर्षांनी सहकुटुंब फिरायला जाण्यासाठी एलटीए द्यायची, आणि दर दोन वर्षांनी आम्ही तो घेऊन मेहुणीकडे सांगलीला जायचो. (सांगली बघण्यासारखी नाही असं मी म्हणत नाही. पण पाच वेळा?) सहाव्या वेळी माझ्या बायकोने, शुभदाने, माझ्या ताटाशेजारी एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक ठेवलं. जहाजाने लक्षद्वीप! कोचीनहून निघायचं, रात्री जहाजात झोपायचं, दिवसा बेट बघायचं. पाच दिवसांत तीन बेटं.

मुखपृष्ठावर पाण्याचा फोटो होता. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा.

"हा रंग छापखान्यातला आहे," मी म्हणालो.

"असू दे. मला बघायचाय," शुभदा म्हणाली. "जन्मले रोह्याला कुंडलिकेच्या काठी, लग्न करून आले पेणला खाडीच्या काठी. आयुष्यभर चहाच्या रंगाचं पाणी बघितलं. पाय बुडवला की पाय नाहीसा! एकदा तरी मला कमरेभर पाण्यात उभं राहून स्वतःची बोटं मोजायचीत."

बारा वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही पहिली मोठी गोष्ट, आणि नेमकी पाण्यातली! मी पाण्याला भितो हे लग्न ठरवताना मी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. आता एकदम कसं सांगणार? म्हणून मी जबाबदार कुटुंबप्रमुखाचा चेहरा केला आणि म्हणालो, "आधी जाऊन आलेल्यांना विचारू."

कंपनीत असे दोघे होते. स्टोअर्समधला देशपांडे म्हणाला, "स्वर्ग रे स्वर्ग! पाच पुरुष खोल पाण्यात पडलेलं नाणं दिसतं. जेवण काय, हवा काय! जन्माचं सार्थक!"

लॅबमधले साठे म्हणाले, "नरक. पाच दिवस मी एका बादलीशी बोलत होतो. दुसऱ्या कुणाशी बोलायची ताकदच नव्हती. शत्रूलासुद्धा पाठवू नका."

गंमत म्हणजे दोघं एकाच फेरीला, एकाच जहाजात, एकाच खोलीत होते! देशपांडे वरच्या बर्थवर, साठे खालच्या. म्हणजे स्वर्ग आणि नरक यांत अंतर सव्वा तीन फूट.

मला साठ्यांचं म्हणणं फार अभ्यासपूर्ण वाटलं. मी त्यांना मुद्दाम सुट्टीच्या दिवशी घरी चहाला बोलावलं आणि सगळं शुभदासमोर सांगायला लावलं. साठ्यांनी काही हातचं राखलं नाही. बादलीचा रंग, आकार, कडी, सगळं सांगितलं. शुभदा शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, जिंकलो. मग ती एवढंच म्हणाली, "पण भावोजी, पाणी कसं होतं?"

साठ्यांनी कप बशीत ठेवला. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "वहिनी," ते म्हणाले, "तिसऱ्या दिवशी मला दोघांनी धरून डेकवर नेलं. मी खाली बघितलं. असं पाणी... आता काय सांगू? देव आंघोळ करून नुकताच बाहेर पडला असावा." आणि खिडकीतून आमच्या शेजाऱ्याच्या म्हशीकडे कितीतरी वेळ बघत बसले.

माझा साक्षीदार फुटला होता.

शुभदाने अर्ज मागवला. दहा प्रश्न सरळ होते. अकरावा होता: प्रवाशास बोट लागते का? होय / नाही. होय असल्यास तपशील.

"नाही लिही," शुभदा म्हणाली.

"कशावरून?" आतल्या खोलीतून आवाज आला. हे अण्णा, माझे वडील. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अर्जावर पुराव्याशिवाय एक अक्षर लिहिणं त्यांच्या दृष्टीने कॉपी करण्याइतकं वाईट. "तुमच्यापैकी कोण बोटीत बसलंय? कुणीच नाही. मग 'नाही' हे उत्तर आलं कुठून? पायऱ्या दाखवा!"

"अण्णा, तो नुसता अर्ज आहे."

"अर्ज आहे म्हणूनच! आधी चाचणी, मग उत्तर."

अशी आमची चाचणी ठरली. अण्णांचा जुना विद्यार्थी धर्मा पाटील याची मिठाची पोती वाहायची रुंद होडी अंतोऱ्याच्या बंदरात असायची. शनिवारी मला साप्ताहिक सुट्टी. अण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बारा पाऊणे नऊ. "नऊ वाजता पूर्ण भरती," अण्णा म्हणाले, आणि त्याच कॅलेंडरवर बोट दोन घरं खाली सरकलं. "पण शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ आहे. साडेदहाला निघू."

धर्माने बंदरावर डोक्याला हात लावला.

"मास्तर, नऊला निघालो असतो तर फिरून आलो पन असतो. आता पानी उतरतंय. रुतू आपन."

"राहुकाळात नव्या प्रवासाला निघायचं नसतं, धर्मा."

"पन मास्तर, पानी राहुकाळासाठी थांबतं व्हय?"

"धर्मा!" अण्णा फक्त एवढंच म्हणाले. धर्मा पंचेचाळीस वर्षांचा, खांदे दरवाजाएवढे, दोन मुलींची लग्नं झालेली. पण सातवीत अण्णांच्या हातची छडी खाल्लेला! तो निमूटपणे बांबू उचलून होडीत चढला.

मी तयारीनिशी आलो होतो. एसटीत उलटी होऊ नये म्हणून आमच्याकडे पोटावर वर्तमानपत्र बांधतात. मी रविवारचा पुरवणीसकट अख्खा अंक बांधला होता. एका खिशात लिंबू, दुसऱ्यात आवळासुपारी, नाकात ओव्याचा वास. शुभदाने काहीच घेतलं नव्हतं. दुपारसाठी पोळीभाजीचा डबा आणि पोह्याचे पापड तेवढे होते.

होडी निघाली. आणि आश्चर्य! मला काही होईना. होडी डोलत होती, पाणी चुबुक चुबुक करत होतं, आणि मी ताठ बसून दोन्ही काठ बघत होतो. मिठागरांचे पांढरे ढीग उन्हात असे चमकत होते की डोळे दिपावेत. पेणला अडतीस वर्षं काढून मी पेण कधी पाण्यातून पाहिलंच नव्हतं! "अण्णा," मी ओरडलो, "लिहा, नाही! ठाम नाही!"

तेवढ्यात होडीखाली मऊसं काहीतरी झालं. भरपूर जेवलेला माणूस गादीवर बसावा तशी होडी बसली.

धर्माने बांबू टेकवला, जोर लावला, सोडून दिला. "रुतली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात रागही नव्हता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता पानी येईल तवा निघू."

"कधी येईल?"

धर्माने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. गणित त्यांना आवडतं, पण उत्तर त्यांना आवडलेलं दिसलं नाही. "संध्याकाळी पावणेसात," ते म्हणाले.

सकाळचे साडेअकरा वाजले होते!

"उतरून चालत जाऊ या की!" मी म्हणालो. धर्माने उत्तर म्हणून बांबू चिखलात उभा सोडला. तो सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखा, अर्धा आत गेला. मी पुन्हा खाली बसलो.

तासाभरात खाडीतलं पाणी कुठे गेलं कोण जाणे. चहूबाजूंना नुसता चिखल. करडा, चकाकता, क्षितिजापर्यंत. आणि मध्ये आम्ही चौघं, एका होडीत, सुकायला ठेवल्यासारखे. अण्णांनी डबा उघडला. मी पापड तोंडात घातला आणि सहज खाली बघितलं.

चिखल हलत होता!

आधी वाटलं भास आहे. मग नीट बघितलं. निवटे. चिखलावर उड्या मारणारे ते बटबटीत डोळ्यांचे मासे. एक, दोन, शंभर, हजार. त्यांच्यामध्ये खेकडे. लाल, करडे, एक नांगी वर करून सगळे तिरके पळत होते. निवटे इकडे, खेकडे तिकडे. होडी गच्च उभी, आणि अख्खी जमीन माझ्या खालून सरकत होती. मी डोळे मिटले तर ती डोळ्यांच्या आत सरकू लागली.

"विनू, तुझा चेहरा असा का झालाय?" अण्णांनी विचारलं.

मी उत्तर दिलं, पण शब्दांत नाही.

पुढचे सहा तास मी होडीच्या काठावर मान टाकून काढले. लिंबू संपलं, आवळासुपारी संपली, वर्तमानपत्र पोटावरून काढून वेगळ्या कामाला आलं. "दादाला पान्याविना लागली," धर्मा गंभीरपणे म्हणाला. "चाळीस वरसांत असा मानूस नाय बगितला मी." त्याच्या आवाजात खरोखर आदर होता. अण्णा खिशातल्या वहीत वेळा टिपून घेत होते: १२.२०, १२.४५, १.१०.

आणि शुभदा? ती होडीच्या टोकाशी बसली होती, सात तास, जागची न हलता. धर्मा तिला पाणपक्षी दाखवत होता, कुठल्या बिळात कसला खेकडा ते सांगत होता, आणि तिचे डोळे मोठेच्या मोठे झाले होते. एकदाही तिने 'कंटाळा आला' म्हटलं नाही. मला पहिल्यांदा कळलं की मी बारा वर्षं या बाईला सांगली दाखवत होतो.

संध्याकाळी धर्मा हळूच म्हणाला, "वयनी, ऐका."

आम्ही ऐकलं. चिखल कुजबुजत होता. लाखो बिळांतून बुडबुडे फुटत होते, आणि लांबवर एक चांदीची तार दिसत होती. तार रुंद झाली, फाटे फुटले, चहूबाजूंनी न बोलता पाणी आलं. कुणी हाकललं नाही, कुणी ओढलं नाही. आणि मिठाची पोती वाहणारी ती जड होडी, आम्हां चौघांना घेऊन, एखाद्या पानासारखी उचलली गेली! मी ओकायचंही विसरलो. अण्णांनी घड्याळ बघितलं. सहा वाजून छत्तीस मिनिटं. "नऊ मिनिटं चुकलो," ते पुटपुटले आणि पाण्याला त्यांनी चक्क हात जोडले. मलाही जोडावेसे वाटले, पण ते होडीला धरण्यात गुंतले होते.

घरी आल्यावर अण्णांनी अर्ज पुढे ओढला. "होय," ते म्हणाले.

शुभदा देवघरातलं निरांजन पुसायला लागली, जे स्वच्छच होतं. तिची पाठ बघून मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी ओरडलो, "अण्णा, मी जाणार! मेलो तरी जाणार!"

"जा ना. मी कुठे नको म्हणतोय? फक्त खरं लिही." त्यांनी वही उघडली. "तपशिलाला जागा आहे. लिही: होय. परंतु आजपर्यंत केवळ बोट स्थिर असताना."

आम्ही तसंच लिहिलं. अर्ज मंजूर झाला. (अकरावा प्रश्न कुणी वाचतच नसावं.)

जानेवारीत आम्ही जहाजात चढलो. आणि अण्णांचा तपशील अक्षरशः खरा ठरला! रात्री समुद्र असा उसळला की निम्मं जहाज आडवं झालं. धट्टेकट्टे पंजाबी गडी भिंतीला धरून रांगत होते. मी डेकवर ताठ उभा! वर इतके तारे की मला आपोआप हळू आवाजात बोलावंसं वाटलं. चारी बाजूंना पाणी, आणि त्याला काठच नाही. पेणहून आलेल्या माणसाला एवढं मोठं काही बघायची सवय नसते. मी शुभदाचा हात धरला, तिने माझा धरला, आणि कितीतरी वेळ आम्ही तसेच उभे होतो.

सकाळी पहिलं बेट आलं. जहाजाने नांगर टाकला. छोट्या बोटीतून आम्हाला उथळ पाण्यात नेऊन थांबवलं. पाणी दिसतच नव्हतं, इतकं स्वच्छ! बोट जणू हवेत टांगलेली. मी थक्क होऊन खाली वाकलो. तळ दिसला, पांढरीशुभ्र वाळू दिसली, आणि त्या वाळूवर मासे. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. एक, दोन, शंभर, हजार! काही इकडे, काही तिकडे...

कमरेभर पाण्यातून शुभदा ओरडली, "अहो, दहा! दहाच्या दहा दिसतायत!" तिचा तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. बघायला मात्र मान वर करता आली नाही.

दुसऱ्या बेटावर तेच. तिसऱ्यावर तेच.

आता कंपनीत नवीन पोरं मला जाणकार समजून विचारायला येतात, "काका, कशी आहे हो ती जहाजाची टूर? कुणी छान म्हणतं, कुणी वाईट." मी त्यांना अनुभवाने सांगतो, "बिनधास्त जा. जहाज उत्तम, समुद्र उत्तम, जेवण उत्तम. फक्त ती बेटं तेवढी टाळा!"