चेंगडूच्या भाजीबाजारात आमचे तीन कॅमेरे

फोटो हार्ड डिस्कमध्ये गपचूप पडून राहतात, किस्से मात्र राहत नाहीत! कॅनडात, मार्कहॅमला आमच्या बेसमेंटमध्ये चहा आला, की कोणीतरी म्हणतंच, "अरे, त्या चेंगडूच्या बाजारात..." आणि मग कप तसेच गार!

२०१७ची गोष्ट. नागपूरचा सुहास, पुण्याच्या मेधाताई आणि मी. तिघंही सॉफ्टवेअरवाले, तिघांनाही फोटोंचं वेड. ऑफिसातला लिन सुट्टीत चीनला, आपल्या गावी चेंगडूला निघाला होता. म्हणाला, "आमच्याकडचा जुना बाजार पाडणार आहेत. त्याआधी येऊन फोटो काढा!" आम्ही थेट तिकिटंच काढली!

* * *

पहिल्याच सकाळी सुहास रस्त्यापलीकडे खांबाआड लपला. हातभर लेन्स लावून मिरच्या विकणाऱ्या एका आजींचा फोटो घेत होता. आजींनी पाहिलं. तरातरा रस्ता ओलांडून आल्या, त्याचं कोपर धरलं आणि ओढत नेऊन आपल्यासमोरच्या स्टुलावर बसवलं!

लिन हसत सुटला. "म्हणतायत, एवढ्या लांबून काय दिसणार? जवळून काढ!"

मग आजींनी कंगवा काढून निवांत केस विंचरले. सुहास मला म्हणतो, "एवढी मोठी लेन्स आणली ना बे, अन् आता आजी फ्रेममध्येच मावत नाही!"

* * *

मागे काचेचे टॉवर, खाली मेट्रो आणि मधल्या गल्लीत टोपली घेऊन बसलेला मुळेवाला. टोपलीला पेमेंटचा क्यूआर कोड लटकलेला! मेधाताई हरखल्याच. "आमचा मार्कहॅमचा न्हावी अजून कॅश ओन्ली आहे, आणि इथे मुळे स्कॅन करून घ्यायचे?"

त्यांनी फोन पुढे करून त्या कोडचा फोटो काढला. 'खट्' आवाज झाला. मुळेवाल्याला वाटलं, पैसे दिले! त्याने जुडी बांधून ताईंच्या हातात ठेवली. ताई नको नको म्हणतायत, तो आग्रह करतोय! शेवटी लिनने आपल्या फोनवरून पैसे भरले.

दिवसभर पुण्याच्या मेधाताई कॅमेरा एका खांद्यावर आणि मुळे दुसऱ्या खांद्यावर घेऊन फिरल्या!

* * *

दुपारी लाल रश्श्यातल्या नूडल्स. लिन म्हणाला, "जपून हां, तिखट आहे."

"आम्ही सावजी खाणारी माणसं!" सुहासने अख्खा वाडगा तोंडाला लावला. पण तिथल्या त्या मिरीने तिखट लागत नाही, जीभच बधिर होते. साहेब बोलायला गेले, तर नुसतं "थ... थ..."!

मेधाताई कळवळून म्हणाल्या, "सुहास गप्प बसलाय! आणि नेमकं माझं मेमरी कार्ड फुल्ल!"

* * *

एका भिंतीवर लाल रंगात भलंमोठं अक्षर रंगवलं होतं. खाली खुर्ची मांडून न्हावी दाढी करत होता. मला ते अक्षर फार आवडलं. मी त्याच्यावरच फोकस केला.

"याचा अर्थ काय रे?" मी लिनला विचारलं.

"पाडायची आहे."

न्हाव्याने वस्तरा थांबवला. गिऱ्हाइकाचा अर्धा गाल फेसातच! लिनकडून मला निरोप आला, "भिंत जाणार आहे. मी पुढच्या चौकात बसणार आहे. मला काढ!"

मी त्याला काढलं. बरोबर अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही आलं, छाती फुगवून!

* * *

पुढच्या हिवाळ्यात मार्कहॅमच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये आम्ही प्रदर्शन मांडलं. बाहेर हा बर्फ! येतंय कोण, या काळजीत आम्ही बसलो होतो. तेवढ्यात एक चिनी आजी मुलीचा हात धरून आल्या. बुटांचा बर्फही न झटकता सुहासच्या एका फोटोपुढे थबकल्या. कोबीची हातगाडी आणि वर, पहिल्या मजल्यावर, एक उघडी खिडकी. आजींनी खिडकीवर बोट ठेवलं.

मुलगी आमच्याकडे वळली. तिचा आवाज चढला होता. "हे आमचं स्वयंपाकघर आहे! आई इथे माझ्याकडे आली, तेव्हा दादा-वहिनी तिथेच राहिले. आता ती बिल्डिंग पाडली."

आजी सुहासकडे बघत हळूच काहीतरी बोलल्या.

"आई विचारतेय, फोटो काढलास तेव्हा खिडकीतून वास कसला येत होता?"

सुहासने डोळे मिटले. "लसणाचा," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "जळक्या लसणाचा."

मुलीने सांगितलं. आजींनी डोळे पुसले आणि खदखदून हसल्या.

"आई म्हणते, म्हणजे सूनबाई शेवटपर्यंत काही शिकली नाही!"