नकाशावरचा जुना धुरा

मोबाईल हातात धरून आपल्याच वावराच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं, एक चक्कर मारायची, एवढंच काम होतं. त्यातही मी चुकलो.

आमच्या नाल्याच्या पाणलोटात कुठं काय पेरावं, कुठं पाणी अडवावं, याचा नकाशा बनत होता. त्या कामावरच्या पोरीनं मोबाईलवर ॲप उघडून दिलं. "काका, हद्दीनं फिरा, अन् जिथून निघाले तिथंच परत या." मी वर्ध्याच्या कचेरीतला कारकून. फिरून फिरून जागेवर येण्याचा अनुभव दांडगा. निघालो.

तुरीच्या कडेनं, मग कपाशीच्या, मग उतारानं खाली नाल्याजवळच्या बोरीपर्यंत. विचार करावाच लागला नाही. पाय आपसूक वळत होते.

पुढच्या आठवड्यात समाजमंदिराच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं नकाशा उमटला. मुरमाड जमीन पिवळी, काळी जमीन हिरवी. माझं वावर जरा ऐसपैसच दिसत होतं. छाती फुगली. तेवढ्यात मागून चुलतभाऊ ओरडला, "ओ भाऊ, माह्यं वावर काऊन घेऊन राह्यले? वाटणी झालती ना आपली!"

सगळे हसले. मीही हसलो. नाल्याकडचा तुकडा काकांच्या वाट्याला जाऊन किती वर्षं झाली. पण मी लहानपणच्या धुऱ्यानं चालून आलो होतो. त्या तुकड्यात आईची वाडी होती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. सकाळी जुड्या बांधून, ओल्या पोत्यात गुंडाळून आई जाम गावच्या चौकात विकायला बसायची. जुड्या बांधू लागून मी शाळेत जायचो, तर सांभाराचा वास दुपारपर्यंत हाताला असायचा. आता बाजारातून जुडी आणली की आधी हुंगतो. भाजीवाला संशयानं बघतो.

पोरीनं रेघ सरकवली. माझं वावर आक्रसलं. मग तिनं वाडीच्या जागेवर निळा चौकोन काढला. वरचं सगळं पाणी तिथंच उतरतं, म्हणून शेततळं तिथं. चुलतभाऊ जागा द्यायला तयार होता. फक्त पाणी तिथवर न्यायला माझ्या वावरातून चर काढावा लागणार होता.

"काढू द्यान, भाऊ? हरभऱ्याले दोघायलेही पाणी भेटन."

त्याचं खरं होतं. जागा माझी नव्हती, वाडी कधीच मोडली होती, आणि मी मात्र ती बुडणार म्हणून हळहळत होतो. "उद्या सांगतो," म्हणालो, आणि स्कूटरला किक मारली.

घरी बायको लसूण सोलत होती. सगळं ऐकलं. दुसऱ्याच्या वावरात घुसल्याबद्दल आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाली, "तुमाले तिथले वांगे आठवते, मले घागरी आठवते. मी नवी नवरी, अन् सासूबाई अन् मी नाल्यातून पाणी आणून आणून तुमच्या त्या वांग्यायले घालो. त्या असत्या तं चर खणाले सगळ्यात आधी त्याच गेल्या असत्या. लावा फोन, हो म्हणा. अन् तळ्याच्या काठी थोडे वांगे लावजो म्हणा त्याले. तोडाले मी येईन. तुमी नका येऊ, पुन्हा भलतीकडंच जासान."