मास्तरांच्या शर्टाची जुनी शिवण

मास्तरांनी स्वतःचा शर्ट आत घेतलाय. शनिवारपासून ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे. मुलगा म्हणतो, "आई, तुला काळजी करायला आता शर्टही पुरतो का?" पुरतो. तो शर्ट मी नीट पाहिला आहे.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे शिंपी. चाळीस वर्षांची सगळ्यांची मापं त्यांच्या वहीत आहेत. तयार कपड्यांची दुकानं आली आणि त्यांच्याकडे फक्त उसवलेलं घेऊन येणारे उरले. पाच वर्षांपूर्वी एक बाई मुलाची पँट कमरेत आत घ्यायला आली. "वाढत्या पोराची पँट सैल करतात हो, आत कुठे घेतात?" मास्तर बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. त्याच आठवड्यात आणखी चौघं कंबर आत घ्यायला आली. मास्तरांनी वही काढून जुनी मापं ताडून पाहिली. गल्ली बारीक होत चालली होती.

तिथून मास्तरांच्या दुकानात ही फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट शिधा द्यायची जागा, सुरू झाली. शिलाई मशीन कोपऱ्यात सरकलं, त्यावर बटाट्यांचं पोतं बसलं. कापडाच्या फळ्यांवर डाळ, तांदूळ, पीठ, बंद डबे आले. मोठ्या दुकानांतला उरलेला माल येतो, गल्लीतलेही काहीबाही आणून देतात. बांधलेली पिशवी कुणाच्या हातात कोंबायची नाही, ज्याचं त्याने फळीवरून निवडायचं, हा मास्तरांचा नियम. "कापड न दाखवता मी कधी शर्ट शिवलाय का?" असं विचारतात. त्यामुळे पलीकडच्या आजी डाळीच्या दोन पुड्यांसमोर दहा मिनिटं उभ्या राहतात.

"आजी, स्थळ बघताय का?" मागून कुणीतरी ओरडतो.

"तुझ्यासाठीच बघतेय, मेल्या. ही जरा लवकर शिजेल."

पण नुसतं देऊन भागत नाही, हे मास्तरांना लवकरच कळलं. वहीत मापापुढे त्यांनी एक नवा रकाना ओढला: का? कंबर दोन इंच कमी; पॅकिंगच्या कारखान्यात सहाऐवजी तीनच दिवस काम. गळा अर्धा इंच कमी, घरभाडं वाढलं. मुलगी, खांदा वर्षभर आहे तेवढाच. सुट्टी लागली की शाळेतलं जेवण बंद. ती वही घेऊन ते वॉर्डाच्या कचेरीत गेले.

"साहेब, ही आमच्या गल्लीची कंबर."

साहेब हसले. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "तुमचीही घेऊ का? तुलनेला बरी पडेल."

साहेब हसायचे थांबले. बऱ्याच फेऱ्यांनंतर सुट्टीतही शाळेत जेवण मिळायला लागलं. कारखान्याचं घोडं मात्र अजून अडलेलंच आहे. मास्तर दर महिन्याला टेप घेऊन तिथल्या फाटकाशी जाऊन उभे राहतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं काम सुटलं. मी शिकलेली, म्हणून त्या दुकानाची पायरी चढेना. एके दिवशी मास्तरांचाच फोन आला. "बाई, डब्यांवरच्या तारखा मला दिसत नाहीत. तुम्ही वाचायला येता का?" गेले. दोन तास तारखा वाचल्या. निघताना म्हणाले, "चार डबे तेवढे घेऊन जा, फळी वाकलीय." महिन्याभराने पाहिलं तर मास्तर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतायत!

"मास्तर, सुईचं भोक दिसतं आणि डब्यावरची तारीख दिसत नाही?"

"बाई, खोटं बोलावं ते समोरच्याला पकडता येईल असं. म्हणजे त्याची मान खाली जात नाही."

तेव्हापासून मी दर शनिवारी तारखा वाचते.

तर गेल्या शनिवारी मास्तरांनी वरच्या फळीकडे हात नेला आणि मला बगलेखालची शिवण दिसली. नव्या शिवणीबाहेर जुन्या टाक्यांच्या भोकांची एक रांग, तिच्याबाहेर आणखी एक. म्हणजे दोनदा आत घेतलाय. दुसऱ्याच्या कपड्यावर अशी खूण ते कधीच ठेवत नाहीत; पाण्याचा हात लावून, इस्त्री फिरवून बुजवतात. स्वतःच्या शर्टाकडे कोण बघतंय, असं वाटलं असणार.

"मास्तर, जेवलात?"

"हे काय, आत्ताच."

हेच 'आत्ताच' गल्लीतला प्रत्येक उपाशी माणूस त्यांना ऐकवतो, आणि ते एकाचंही खरं मानत नाहीत. मशीनवर पोतं बसल्यापासून शिलाईची कमाई बंद, घरात दुसरं कुणी नाही, आणि आपण स्वतः फळीवरचं घ्यायचं नाही हाही नियम त्यांचाच. मी वही चाळली. सगळ्या गल्लीची मापं आहेत, मास्तरांचं नाही. शिंप्याचं माप घेणार कोण?

मघाशी मी मुलाच्या चांगल्या पँटची शिवण कात्रीने उसवली. सासूबाईंचं मशीन घरात आहे, पण ते माझ्या हाताला जुमानत नाही. मास्तरांना सांगणार आहे की उद्या घरीच या, काम दुपारच्या जेवणापर्यंत लांबेल, आणि परवा दुसरी पँट आहे. कात्रीचा काप त्यांना पहिल्या नजरेत कळेल. कळू दे.

रात्रीचे पावणेबारा झालेत. रिकाम्या पोटी झोप लागत नाही, हे मला त्यांनीच सांगितलंय. म्हणजे जागेच असतील. लावतेच फोन.