रंग थोडा, उजेड त्याहून थोडा

त्या प्रयोगशाळेत जिवंत पेशी रंगवायच्या त्या ताईंनीच, असा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता. रंग पेशीत शिरून तिच्या डीएनएला चिकटायचा आणि मायक्रोस्कोपखाली जांभळट उजेड टाकला की तेवढाच भाग निळा चमकायचा. पण रंग किंवा उजेड जास्त झाला तर डीएनएलाच इजा होते आणि पेशी दुभंगता दुभंगता अडून बसते. म्हणून ताईंचा हात आखडता. फ्रिजच्या दारावर त्यांच्या हातची चिठ्ठी होती: ‘रंग थोडा, उजेड त्याहून थोडा. अति तिथे माती.’ त्यांची चित्रं अंधुक यायची, पण पेशी जगायच्या.

मग ती नवी मुलगी आली. अखंड बडबड करायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणू लागले. कालची पोर, पण तिचे फोटो असे लख्ख की बघत राहावं. एक फोटो काढला की तिचं काम संपायचं, मग पेशी जगल्या काय अन् मेल्या काय. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्यातला एक मोठा करून जिन्यात लावला. तेव्हापासून गुडघे ठणठणीत असूनही ताई लिफ्टने जाऊ लागल्या.

ताईंचा नवरा शिंपी. कापड बेतता बेतता रोज तेच गाऱ्हाणं ऐकून तो कंटाळला. एकदा त्याने विचारलं, “तिचं काम वाईट आहे का?”

“नाही.”

“मग तुझं काय दुखतंय?”

“पोट,” ताई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

अशात नवा मायक्रोस्कोप आला. त्याची खोली एकीच्याच ताब्यात द्यायची होती. एका पेशीच्या दोन होताना दोघींनी चित्रफीत काढावी, मग ठरवू, असं मॅडम म्हणाल्या. ताईंना ती खोली हवी होती. इतकं काही त्यांनी आयुष्यात मागितलं नव्हतं.

ठरल्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा मोजून रंग घेतला. तेवढ्यात जिन्यातला तो फोटो डोळ्यांपुढे आला. आपलं काम बघून मॅडम म्हणतील, ताई, यात काही दिसतच नाही. त्यांनी रंग दुप्पट घातला आणि उजेडाचं बटण कधी नव्हे इतकं फिरवलं. पडद्यावर पेशी झगमगली. डीएनएचे निळे धागे मधोमध एका रेषेत येऊन उभे राहिले, आणि ताईंच्या मनात आलं, आता बघ म्हणावं चिमणीला.

धागे तिथेच राहिले. अर्धा तास गेला, दोन तास गेले. दुपारपर्यंत पेशी आक्रसून गेली होती.

चिमणीची फीत इतकी अंधुक होती की सगळ्यांना पडद्याजवळ सरकावं लागलं. त्या अंधारात पुसट रेष मधून फाटली, दोन्ही भाग सावकाश दूर गेले आणि एकाच्या दोन पेशी झाल्या.

“तुझ्या हातून एवढं अंधुक काम कसं झालं?” मॅडमनी विचारलं.

“फ्रिजवर लिहिलंय ना. मी फक्त ताईंचं ऐकलं,” चिमणी म्हणाली आणि ताईंकडे बघून मनापासून हसली.

तिने चोरून काही केलं असतं तर ताईंना बरं वाटलं असतं. मग मॅडमनी ताईंची फीत मागितली. पेशी मेली, असं त्यांनी सांगितलं. कशाने, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “उजेडाने.” किल्ली चिमणीला मिळाली.

निघताना ताईंनी फ्रिजवरची चिठ्ठी सोलून काढली आणि पर्समध्ये कोंबली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी चिमणीच्या गोलसर अक्षरात तोच मजकूर होता आणि खाली लिहिलं होतं, ‘ताई’. ताईंनी तो दोनदा वाचला. त्यात एक अक्षरही चुकलं नव्हतं. संध्याकाळी त्या लिफ्टनेच उतरल्या.