आमिनाबीचं महिनाभराचं तेल

तेलगावात आमिनाबीच्या लाकडी घाण्यावर करडईचं तेल निघतं. घाणा आता मोटारीवर फिरतो, पण बी निवडायला ती अजून स्वतःच बसते. साठी ओलांडलेली बाई. गिऱ्हाईक कोणीही असो, आधी त्याच्या बोटावर थेंब ठेवून चाखायला लावणार, मगच डबा भरणार. कुणी भाकरीवर घ्यायला तेल नेतं, कुणी केसांना, कुणी लेकराच्या अंगाला चोळायला.

एकच अडचण होती. तेल दीड-दोन महिन्यांत खवट व्हायचं, आणि माजलगावचे किराणा व्यापारी बंकटशेठ यांना तर सहा महिने फळीवर टिकेल असा माल हवा होता. त्यांनी शंभर बाटल्या सांगितल्या आणि सोबत पांढऱ्या पावडरीची पुडी दिली. डब्यामागं चिमूटभर टाका, मोठमोठ्या कंपन्याही घालतात, असं त्यांचं म्हणणं.

शंभर बाटल्यांच्या नुसत्या कल्पनेनं आमिनाबी हरखली. पण पुडीवर ना नाव, ना प्रमाण. तिनं ती नातीपुढं ठेवली. शाईस्ता कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. तिनं बंकटशेठना फोन करून पावडरीचं नाव काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सरांना विचारून आली. ते होतं टीबीएचक्यू, तेल खवट होऊ न देणारं रसायन. सरकारची परवानगी आहे, पण किलोभर तेलाला फार तर दोनशे मिलिग्रॅम. उंदरांना भरमसाट खाऊ घातल्यावर काही अपाय दिसले होते. थोड्या प्रमाणात माणसाला काय होतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. याच जातीची द्रव्यं क्रीम-लिपस्टिकातही असतात, हेही तिनं सांगितलं.

"म्हंजे जहर हाय का न्हाई, तेवढं सांग," आमिनाबी म्हणाली.

"जहर न्हाई, दादी. पर मोजून घालायची चीज हाय. तुझ्या चिमटीत किती मावतं, सांगशील?"

आमिनाबीनं घाण्यावरच्या तराजूकडं पाहिलं. त्यातलं सगळ्यात लहान वजन पन्नास ग्रॅमचं. तिला हसूच फुटलं. तरी शंभर बाटल्यांचा मोह सुटेना. होय-नाही करत तिनं आठवडा काढला.

मग एके सकाळी बंकटशेठ स्वतःच स्टीलचा डबा घेऊन आले. लेकीला मुलगा झाला होता, बाळाच्या मालिशीला तेल पाहिजे होतं. आमिनाबी डबा भरायला लागली, तसे ते जवळ सरकून हळूच म्हणाले, "पावडरीचं नको हां, मावशी. साधं द्या."

"कावून, शेठ?"

"लई नाजूक कातडं हाय त्याचं."

"तुमच्या दुकानातून बाटली नेणाऱ्यांच्या घरीबी लेकरं असतीलच की."

बंकटशेठ डब्यात पडणाऱ्या धारेकडं बघत राहिले आणि मग स्वतःच हसायला लागले.

त्या दिवशी चहा पिता पिता ठरलं: शंभर नाही, दर महिन्याला वीसच बाटल्या. काच गडद तपकिरी, म्हणजे उजेड लागणार नाही. तेल काढल्याची तारीख ठळक लिहायची आणि उरलेलं महिन्याअखेरी परत घ्यायचं. पहिल्या महिन्यात तीन बाटल्या परत आल्या. त्या तेलात घाण्याच्या दाराच्या बिजागऱ्या न्हाऊन निघाल्या. दुसऱ्या महिन्यात एकही आली नाही.

तारखा मात्र आमिनाबी आपल्याच हातानं लिहिते. शाईस्तानं तिला आकडे गिरवायला शिकवलेत. गेल्या खेपेला वीसही बाटल्यांवर एकतीस जून अशी तारीख पडली, आणि बंकटशेठना फोनवर हसण्यापुढं बोलताच येईना.